बिली द किडचा पहारेकरी

२०११ साली अमेरिकेत डेन्व्हरला एका लिलावात एक जुना फोटो विकला गेला. फोटो म्हणजे काय, तळहातात मावेल एवढा पत्र्याचा तुकडा. त्यावर वेडीवाकडी हॅट घातलेला, अंगापेक्षा मोठा स्वेटर चढवलेला एक किरकोळ पोरगा रायफल टेकवून उभा. किंमत आली २३ लाख डॉलर! पोरगा म्हणजे बिली द किड. त्या काळच्या पत्र्यावरच्या फोटोत डावं-उजवं उलटं उमटायचं, त्यामुळे कित्येक वर्षं लोक समजत होते की हा डावखुरा होता. १९५८ साली पॉल न्यूमनला घेऊन जो पिक्चर काढला त्याचं नावसुद्धा 'द लेफ्ट हँडेड गन'. थोडक्यात काय, या माणसाबद्दलची चूकदेखील प्रसिद्ध आहे.

आता मी तुम्हाला दुसरं एक नाव सांगते. जेम्स बेल. ऐकलंय?

नसेलच ऐकलं. मीही न्यू मेक्सिकोतल्या लिंकन गावात जाईपर्यंत ऐकलं नव्हतं. हा बिलीचा पहारेकरी. हुद्दा डेप्युटी शेरीफचा, पण त्या दिवसांतलं काम जेलरचं. २८ एप्रिल १८८१ च्या संध्याकाळी लिंकनच्या कोर्टाच्या जिन्यात बिलीनं त्याला गोळी घातली आणि पळ काढला. बिलीच्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला प्रसंग तो हाच. पुस्तकांत आहे, सिनेमांत आहे, गावच्या जत्रेतल्या नाटकात आहे. आणि या सगळ्यात बेल कुठे आहे? जिन्यात. पडतो आणि संपतो. हिरोला बाहेर पडायला दार लागतं, तसा एक पहारेकरी लागतो, एवढंच.

तर आज मला या माणसाची बाजू घ्यायची आहे. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर बिलीवर अन्याय होईल. लिंकन काउंटी म्हणजे तेव्हा प्रचंड मोठा, जवळजवळ बेवारशी मुलूख. न्यू मेक्सिको हे राज्यसुद्धा नव्हतं, ते झालं १९१२ साली. गावात मर्फी आणि डोलन यांच्या दुकानाची मक्तेदारी होती. सरकारी कंत्राटं त्यांची, उधारी त्यांची, शेरीफही त्यांच्याच बाजूचा. तिथे टन्स्टल नावाच्या इंग्रज तरुणानं समोर दुसरं दुकान थाटलं. फेब्रुवारी १८७८ मध्ये त्याला मारलं. बिली त्याच्याकडे नोकरीला होता. मग सूडसत्र सुरू झालं. १ एप्रिल १८७८ ला शेरीफ विल्यम ब्रेडीला भर रस्त्यात, भिंतीआडून गोळ्या घातल्या. घालणारे बरेच जण होते, त्यात बिली एक. दोन्ही बाजूंनी माणसं मेली.

पुढच्या वर्षी गव्हर्नर ल्यू वॉलेस (हो, 'बेन हर' लिहिणारा तोच) बिलीला गुपचूप भेटला. तू साक्ष दे, मी तुला सोडवतो, असा शब्द दिला. बिलीनं साक्ष दिली. शब्द मात्र पाळला गेला नाही. डिसेंबर १८८० मध्ये पॅट गॅरेटनं त्याला पकडलं आणि एप्रिल १८८१ मध्ये मेसिया गावच्या कोर्टानं ब्रेडीच्या खुनासाठी फाशी सुनावली. एवढ्या मोठ्या कत्तलीत दोषी ठरला तो हा एकटाच. तेव्हा बिलीचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. चांगला खरा होता.

पण त्या रागाची वसुली कोणाकडून झाली? गव्हर्नर घरी जिवंत. न्यायाधीश घरी जिवंत. दुकानदार डोलन जिवंत. मेला तो बेल, ज्यानं बिलीला ना शब्द दिला होता ना शिक्षा. सरकारनं केलेली उधारी नेहमी दारावरच्या माणसाकडून वसूल होते. मला या गोष्टीत जे खुपतं ते हे.

१३ मे ही फाशीची तारीख ठरली होती. तोपर्यंत बिलीला ठेवायचं कुठे? लिंकनला धड तुरुंग नव्हता. होतं ते जमिनीत खणलेलं तळघर, आणि बिली ते आतून बघून आलेला होता. म्हणून त्याला ठेवलं कोर्टाच्या वरच्या मजल्यावर, एका कोपऱ्यातल्या खोलीत, हातात बेड्या आणि पायात साखळदंड घालून. आणि हे कोर्ट म्हणजे काय? मर्फी-डोलनचं जुनं दुकान! काउंटीनं विकत घेऊन त्याचं कोर्ट केलेलं. म्हणजे ज्यांच्याशी भांडण, त्यांच्याच माडीवर कैद. वरच्याच मजल्यावर बंदुका ठेवायची खोली, जिन्याच्या तोंडाशी. तिचं दार धक्का दिला तर उघडेल असलं.

पहाऱ्यावर दोघं. एक बॉब ओलिंजर. हा पूर्वीच्या भांडणात बिलीच्या विरुद्ध बाजूचा. दोघांचं हाडवैर. आपली दुनळी बंदूक भरताना तो बिलीला दाखवून दाखवून भरायचा, टोचून बोलायचा, असं सांगतात. दुसरा आपला बेल. गंमत म्हणजे वैर धरायचं तर कारण बेलकडेही होतं. त्याचा मित्र जिम कार्लाइल आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात बिलीच्या टोळीला घेराव घालताना मारला गेला होता. पण शेरीफ गॅरेटनं पुढे जे पुस्तक लिहिलं (खरं तर बरंचसं लिहून घेतलं), त्यात तो म्हणतो की बेलनं हा राग बोलण्यातून किंवा वागण्यातून कधी दिसू दिला नाही आणि बिलीचाही त्याच्यावर विश्वास होता.

मला हे वाक्य फार मोठं वाटतं. मित्राला मारल्याचा ज्याच्यावर आळ आहे त्या माणसाच्या खोलीत रोज तास न् तास बसायचं, त्याला जेवायला द्यायचं, शौचाला न्यायचं, आणि तरी त्याला माणसासारखं वागवायचं. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. पंधरा दिवसांत फासावर जाणाऱ्या कैद्याशी नीट वागून त्याला काही मिळणारही नव्हतं.

त्या दिवशी गॅरेट गावात नव्हता, व्हाइट ओक्सला कराच्या वसुलीसाठी गेला होता. संध्याकाळी ओलिंजर बाकीच्या पाच कैद्यांना घेऊन रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जेवायला गेला. दुनळी मागे ठेवून गेला. राहिला एकटा बेल. बिली म्हणाला, मला संडासला जायचंय. संडास अर्थातच अंगणात, मागे. बेल त्याला घेऊन गेला. परत येताना जिन्यावर काय झालं याच्या तीन तऱ्हा सांगतात. कोणी म्हणतं संडासात आधीच कोणीतरी पिस्तूल लपवून ठेवलं होतं. कोणी म्हणतं बिलीनं आपला बारीक हात बेडीतून काढला आणि तीच बेडी बेलच्या डोक्यात घालून त्याचं पिस्तूल ओढलं. गॅरेटच्या मते तो पुढे पळत जिना चढला आणि बंदुकांच्या खोलीचं दार ढकलून आत शिरला. शेवट तिन्हींचा एकच. बेल कसाबसा मागच्या दारानं बाहेर आला आणि तिथे राहणाऱ्या गॉस नावाच्या म्हाताऱ्याच्या हातांत कोसळून मेला. गोळीचा आवाज ऐकून ओलिंजर धावत आला, तेव्हा वरच्या खिडकीत बिली उभा होता, ओलिंजरचीच दुनळी घेऊन.

त्यानंतर बिली काही पळत सुटला नाही. तासभर तिथेच होता. गॉसनं दिलेल्या कुदळीनं पायाची साखळी तोडली, घोडा मागवला आणि निघाला. गावातलं कोणी मध्ये पडलं नाही, काही भीतीनं, काही आपुलकीनं. बेलला मारायचं नव्हतं, नाइलाज झाला, असं तो म्हणाला म्हणे. अडीच महिन्यांनी, १४ जुलैला, फोर्ट समनरला गॅरेटनं त्याला अंधाऱ्या खोलीत मारलं. वय वर्षं एकवीस. आणि तिथून पुढे पोवाडाच पोवाडा.

लिंकनला आम्ही गेलो ते मावसभावाच्या हट्टामुळे. त्याला लहानपणापासून काउबॉयचं वेड. गाव म्हणजे एकच रस्ता, दोन्ही बाजूंना मातीच्या विटांची जुनी घरं. कोर्टाचं आता म्युझियम आहे. आत तो जिना आहे आणि भिंतीतलं एक भोक दाखवतात, गोळीचं म्हणून. मंडळी त्याच्याजवळ उभी राहून फोटो काढत होती. भाऊ माझ्या कानात म्हणाला, "बिचारा भला होता गं, पण गाफील. असल्या माणसाशी कशाला गोड वागायचं? आवळून ठेवायचा."

बेलबद्दल जे थोडंफार बोललं जातं त्याचा सूर बहुतेक हाच असतो. आणि मला चीड येते ती नेमकी या सुराची. त्याचं कारण घरचं आहे.

आमचे मामा तुरुंग शिपाई होते. पुढे हवालदार झाले आणि त्याच हुद्द्यावर रिटायर झाले. कुठल्या जेलात ते मुद्दाम लिहीत नाही. मामांच्या डाव्या भुवईवर एक व्रण आहे. लहानपणी आम्हा भाचरांना ते 'सायकलवरून पडलो' सांगायचे. खरी हकीकत आईनं सांगितली. रात्रपाळीला एका बंद्यानं पोटात दुखतंय म्हणून आरडाओरडा केला. मामा त्याला ओळखत होते. त्याच्या बायकोची पत्रं त्याला वाचून दाखवायचे, कारण त्याला वाचता येत नव्हतं. मामांनी दार उघडलं. त्यानं पाण्याची लोखंडी बादली तोंडावर मारली. तो काही पळू शकला नाही, पुढच्या दारातच पकडला. पण मामांची चौकशी लागली. चौकशीत पहिला प्रश्न काय होता माहिताय? "तू त्याच्याशी एवढं बोलायचास कशाला?"

त्या रात्री त्या बराकीवर दोन शिपाई असायला हवे होते. दुसऱ्याला संध्याकाळीच दुसरीकडे पाठवलं होतं. हा प्रश्न चौकशीत कोणी विचारला नाही. मामा दोन महिने घरी बसले होते, अर्ध्या पगारावर. परत कामावर गेले तेव्हा बंद्यांना पत्रं वाचून दाखवायचं त्यांनी सोडलं असेल असं तुम्हाला वाटेल. आई म्हणते, नाही सोडलं. मामा स्वतः यावर काही बोलत नाहीत. हा लेख वाचून 'काय गरज होती लिहायची' म्हणणार, हे मात्र मला माहीत आहे. मामा, गरज होती.

कारण बेलच्या बाबतीत हिशेब अगदी तसाच मांडला जातो. भला होता म्हणून मेला. अहो, पण मग ओलिंजर? तो तर भला नव्हता. तो रोज बंदूक दाखवायचा, धमकावायचा, आवळून ठेवायचा पुरस्कर्ता होता. तोही मेलाच की, त्याच संध्याकाळी, त्याच अंगणाच्या कडेला, आणि स्वतःच्या बंदुकीनं मेला! चांगुलपणानं बेलचा जीव घेतला असं म्हणायचं असेल, तर दुष्टपणानं ओलिंजरचा जीव का वाचवला नाही याचं उत्तर द्यायला हवं.

खरं कारण फार कंटाळवाणं आहे, म्हणून ते कोणी सांगत नाही. तुरुंग नव्हता, दुकानाची माडी होती. बंदुकांची खोली कैद्याच्या मजल्यावर होती. तिचं दार कुचकामी होतं. दोन माणसांचं काम संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी एकावर येत होतं, आणि हे रोजचं होतं. रोजचं होतं म्हणूनच बिलीला ते ठाऊक होतं. संडास खाली अंगणात, म्हणजे काउंटीतल्या सर्वांत धोकादायक कैद्याला दर वेळी जिना उतरवायचा आणि चढवायचा. मुख्य अधिकारी परगावी. त्यानं जाताना दोघांना बजावलं होतं म्हणे. बजावणं स्वस्त असतं, तिसरा माणूस ठेवणं महाग. गॅरेटच्या बाजूनं एवढं सांगायला हवं, की त्यानं पुढे पुस्तकात स्वतःला अगदीच निर्दोष ठरवलेलं नाही. आमच्या मामांच्या चौकशीत तेवढंही कोणी म्हटलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, बेलची थोडीफार चूक होतीच ना? जिन्यात कैद्याला पुढे किती अंतरावर चालू द्यावं, पिस्तूल कुठे ठेवावं... असेल. पण अशी चूक रोज होते आणि रोज पचते. एका माणसाच्या एका क्षणाच्या ढिलाईवर दोन जीव अवलंबून ठेवणारी व्यवस्था, हीच मूळ चूक. चोवीस तासांतला प्रत्येक क्षण डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

आपल्या मराठी मनात जेलर म्हटलं की कोण येतं? 'शोले'तला असरानी. हसून हसून पुरेवाट. आणि दुसरा, व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) मधला आदिनाथ. कथा गदिमांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानातला आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा खराखुरा प्रयोग, खुनाच्या कैद्यांना मोकळ्या वसाहतीत ठेवून शेती करायला लावण्याचा. सहा खुनी कैद्यांवर विश्वास टाकणारा जेलर शेवटी त्यांच्यासाठीच जीव देतो. थेटरात बायकांनी पदर डोळ्यांना लावलेले आई सांगते. म्हणजे जेलरसाठी आपण रडतो, नाही असं नाही. पण अट एवढीच की तो संत असला पाहिजे. साधा पगारी माणूस असेल, ड्यूटी संपली की घरी जाणारा, बंद्याशी दोन शब्द बरे बोलणारा, तर त्याच्यासाठी आपल्याकडे हसू तरी आहे नाहीतर चौकशी तरी आहे.

२०१० साली न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर बिल रिचर्डसन यांनी बिलीला मरणोत्तर माफी द्यावी का याचा विचार चालवला होता. वॉलेसनं दिलेला शब्द एकशे तीस वर्षांनी पाळायचा का, असा प्रश्न. ३१ डिसेंबर २०१० ला, कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी नाही म्हणून सांगितलं. मागणी फक्त ब्रेडीच्या खुनाच्या माफीची होती. मला स्वतःला ती दिली असती तरी चाललं असतं. सरकारनं दिलेला शब्द सरकारनं पाळावा, मग समोर कोणी का असेना. पण त्या निमित्तानं आलेल्या बातम्या मी मागाहून वाचल्या, तर त्यांत वॉलेसचा शब्द होता, गॅरेटच्या नातवंडांचा विरोध होता, पर्यटन होतं. सरकारनं बेलचंही काही देणं लागतं, हे मात्र कुठे वाचायला मिळालं नाही. शब्द मोडला सरकारनं, त्यानंतर त्या कैद्याला दुकानाच्या माडीवर ठेवलं सरकारनं, आणि मध्ये उभं केलं बेलला. माफी मागायचीच तर सगळ्यात आधी त्याची मागायला हवी.

बिलीची गोष्ट सांगू नका असं माझं म्हणणं नाही. सांगा, चांगली आहे. त्याचा राग समजून घ्या, एकवीस वर्षांच्या पोराची झालेली फसवणूकही सांगा. फक्त जिन्याशी आलात की घाईनं खिडकीकडे पळू नका. तिथे एक माणूस आहे, त्याचं नाव घ्या. त्यानं मित्राच्या मरणाचा राग गिळून ड्यूटी केली हेही सांगा. त्यानं कथेची मजा कमी होणार नाही, वजन वाढेल.

आणि आपल्याकडे पेपरात 'कैदी पसार, पहारेकरी निलंबित' अशी बातमी अधूनमधून येतेच. ती वाचल्यावर 'झोपले असतील लेकाचे' म्हणायच्या आधी एक साधी गोष्ट शोधा, त्या वेळी तिथे किती माणसं असायला हवी होती आणि किती होती. बातमीत हा आकडा बहुधा नसतो. नसेल तर तो का नाही, हे विचारा. पहारेकरी बंद्याशी गोड बोलायचा का, हा प्रश्न त्यानंतरचा. माझ्या मते तर तो प्रश्नच नाही.